इमारत जुनी, काम नवे

पॅरिस शहरात सीन नदीच्या काठी ओर्से नावाचे एक भव्य रेल्वे स्थानक होते. १९०० साली भरलेल्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने ते बांधले गेले. त्याच्या बांधणीत सुमारे १२,००० टन धातू वापरला होता. म्हणजे जवळच उभ्या असलेल्या आयफेल टॉवरपेक्षाही जास्त! पण चाळीस वर्षे पुरी होण्याआधीच हे स्थानक निरुपयोगी ठरले. का बरे? त्याचा पाया खचला का? नाही. त्याला आग लागली का? तेही नाही. झाले एवढेच की विजेवर धावणाऱ्या गाड्या लांब लांब होत गेल्या आणि स्थानकाचे फलाट त्यांना आखूड पडू लागले. १९३९ सालापासून लांब पल्ल्याच्या गाड्या तेथे येईनाशा झाल्या.

पुढे ही इमारत पाडून तेथे हॉटेल बांधावे असे घाटत होते. सुदैवाने तो बेत रद्द झाला. १९८६ च्या डिसेंबर महिन्यात त्याच इमारतीत एक कलासंग्रहालय सुरू झाले. ज्या दालनात गाड्या थांबत, तेथे आज शिल्पे उभी आहेत आणि जगभरचे लोक ती पाहायला येतात.

मित्रांनो, या गोष्टीवरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. इमारत दोन तऱ्हांनी म्हातारी होते. एक म्हणजे तिचे दगड, विटा, लाकूड आणि लोखंड झिजते, कुजते, गंजते. दुसरे म्हणजे ती ज्या कामासाठी बांधली, ते कामच उरत नाही. पहिले म्हातारपण दुरुस्तीने लांबवता येते. दुसऱ्यावर उपाय म्हणजे इमारतीला नवे काम देणे. हे दोन्ही उपाय करणे हाच आज काही लोकांचा व्यवसाय झाला आहे. या व्यवसायात विज्ञान कोठे आणि कसे उपयोगी पडते, ते आपण पाहू या.

आराखडा आणि थापी एकाच घरात

नवे घर बांधताना साधारणपणे काय होते? वास्तुविशारद नकाशा काढतो, अभियंता खांब-तुळयांचे गणित करतो आणि मग कंत्राटदार त्या कागदांप्रमाणे बांधकाम करतो. आखणारा एक, बांधणारा दुसरा. मोकळ्या जमिनीवर ही पद्धत चालते, कारण सगळे काही आधीच कागदावर मांडता येते.

जुन्या इमारतीचे तसे नसते. तिचा मूळ नकाशा बहुधा हरवलेला असतो. भिंतीचा गिलावा काढल्यावर आत काय निघेल, हे कोणालाच सांगता येत नाही. कोठे बुजवलेला दरवाजा निघतो, कोठे भिंतीत गाडलेले तुळईचे टोक कुजून भुसा झालेले असते. दर आठवड्याला नकाशा बदलावा लागतो. अशा वेळी आखणारा आणि बांधणारा वेगवेगळे असले, तर कागदांची नुसती ये-जा सुरू राहते. म्हणून या क्षेत्रात अनेक ठिकाणी एकच संस्था आराखडाही करते आणि बांधकामही करते. वास्तुविशारद, अभियंता, गवंडी, सुतार आणि पाथरवट एकाच संस्थेत काम करतात. सकाळी गवंड्याला भिंतीत भेग दिसली, तर दुपारी अभियंता तेथे हजर असतो आणि संध्याकाळपर्यंत नकाशा दुरुस्त होतो.

खरे पाहता ही पद्धत नवी नाही. शिवकाळात रायगडाच्या बांधकामाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, त्या हिरोजी इंदुलकरांच्या काळी आखणी आणि बांधणी यांची अशी फारकत झालेलीच नव्हती. मात्र या पद्धतीत एक धोकाही आहे. दुरुस्ती किती करावी हे जो ठरवतो, त्यालाच त्या दुरुस्तीचे पैसे मिळतात! म्हणून इमारतीची तपासणी बाहेरच्या एखाद्या तटस्थ अभियंत्याकडूनही करून घेणे शहाणपणाचे असते.

इमारतीची नाडीपरीक्षा

रोग्याला औषध देण्यापूर्वी डॉक्टर त्याला तपासतो. इमारतीचेही तसेच आहे. सर्वांत सोपी तपासणी कानाने होते. अनुभवी गवंडी हातोडीने गिलाव्यावर हलकेच ठोके मारतो. गिलावा भिंतीला घट्ट चिकटलेला असेल, तर भरीव आवाज येतो. सुटून फुगला असेल, तर पोकळ आवाज येतो. बाजारात कलिंगड घेताना आपण याच युक्तीने ते पारखतो, नाही का?

भिंतीला भेग पडली आहे, पण ती जुनी आणि स्थिर आहे की अजून रुंदावते आहे, हे कसे ओळखावे? भेगेच्या दोन्ही कडांना एक पातळ काचपट्टी चिकटवून ठेवतात आणि तिच्यावर तारीख लिहितात. काही महिन्यांनी काच अखंड दिसली, तर फारशी चिंता नाही. काच तडकली, तर भिंत अजून हलते आहे असे समजायचे. मग पायाकडे लक्ष द्यावे लागते.

काँक्रीट तपासायला एर्न्स्ट श्मिट या स्विस अभियंत्याचा हातोडा वापरतात. १९५० च्या सुमारास तो वापरात आला. यात स्प्रिंगच्या जोराने एक दांडी काँक्रीटवर आदळते आणि मागे उसळते. पृष्ठभाग जितका कठीण, तितकी उसळी मोठी. फरशीवर आणि वाळूवर चेंडू टाकून पाहा, म्हणजे यातले तत्त्व लगेच कळेल. या हातोड्याला मात्र फक्त पृष्ठभाग कळतो. पोटातले जाणून घ्यायला श्रवणातीत ध्वनीचा उपयोग करतात. खांबाच्या एका बाजूने ध्वनीची कंपने सोडायची आणि दुसऱ्या बाजूला ती किती वेळाने पोहोचतात ते मोजायचे. चांगल्या काँक्रीटमधून ही कंपने सेकंदाला साधारण ४ किलोमीटर वेगाने जातात. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटरच असतो. आत भेग किंवा पोकळी असेल, तर कंपनांना वळसा घालून यावे लागते आणि उशीर होतो. या उशिरावरून आतला दोष ओळखू येतो.

लाकडाची गोष्ट वेगळी. सागवानी तुळई वरून ठणठणीत दिसते, पण आतून वाळवीने पोखरलेली असू शकते. म्हणून सुईसारखे बारीक गिरमिट तिच्यात घालतात आणि ते फिरवायला किती जोर लागतो याचा आलेख काढतात. लाकूड चांगले असेल तेथे जोर जास्त लागतो, पोकळ असेल तेथे आलेख एकदम खाली येतो. तुळई सहसा भिंतीत रोवलेल्या टोकाला कुजते, कारण तेथे ओल असते आणि वारा नसतो. अशा वेळी सबंध तुळई काढून टाकण्याची गरज नसते. कुजलेला भाग कापून तेथे नव्या सागाचा तुकडा सांध्याने बसवता येतो. त्या वेळी वरच्या मजल्याचा भार टेकूंवर घेतात.

दगडापासून दगड

आपल्याकडचे जुने वाडे, मंदिरे, पूल आणि किल्ले चुन्यात बांधलेले आहेत. चुना म्हणजे काय? चुनखडीचा दगड भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला, की त्यातला कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. १०० किलो शुद्ध चुनखडीतून ४४ किलो वायू जातो आणि ५६ किलो कळीचा चुना मिळतो. त्यावर पाणी ओतले, की इतकी उष्णता निर्माण होते की पाणी खदखदू लागते. हा झाला विरवलेला चुना. त्यात वाळू किंवा विटांची भुकटी मिसळून तो दगडी चाकाच्या घाणीत मळत. जुने कारागीर त्यात गूळ, हिरडा, बेलफळ असे पदार्थही घालीत.

हा चुना भिंतीत गेल्यावर काय होते? तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडी बनतो! भट्टीत जो वायू गमावला, तोच हवेतून परत मिळवतो. म्हणजे जुन्या भिंतीच्या दरजांतून माणसाने घडवलेला दगडच असतो. ही क्रिया मात्र फार सावकाश चालते. जाड भिंतीच्या गाभ्यापर्यंत पोहोचायला तिला वर्षानुवर्षे लागतात.

आता एक नेहमीची चूक पाहा. जुन्या भिंतीला ओल आली, पोपडे निघू लागले, की लोक तिच्यावर सिमेंटचा जाड गिलावा चढवतात. भिंत चार दिवस छान दिसते. पण चुन्याच्या गिलाव्यातून पाण्याची वाफ सहज बाहेर पडते, तशी ती सिमेंटमधून पडत नाही. जमिनीतून केशाकर्षणाने वर चढलेले पाणी आत कोंडले जाते. त्यातले क्षार सुकताना विटेच्या पोटातच स्फटिकरूप होतात आणि वीट फोडतात. यालाच आपण भिंतीला लोणा लागला असे म्हणतो. म्हणून जाणकार कारागिरांचा एक नियम आहे: जोडणारा माल जोडल्या जाणाऱ्या विटेपेक्षा कठीण नसावा. झिजायचेच असेल, तर दरज झिजू द्या. दरज पुन्हा भरता येते, वीट परत आणता येत नाही.

तोच वायू, पण शत्रू

चुन्याला बळ देणारा हाच कार्बन डायऑक्साइड पोलादी सळयांच्या काँक्रीटला मात्र घातक ठरतो. ताजे काँक्रीट अल्कधर्मी असते. या अल्कधर्मी वातावरणात सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक पापुद्रा टिकून राहतो आणि ती गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड दरवर्षी थोडा थोडा आत शिरतो आणि ही अल्कता कमी करतो. तो सळईपर्यंत पोहोचला, की पापुद्रा नाहीसा होतो. त्यात ओल आणि प्राणवायू मिळाला, की सळई गंजू लागते. गंजाला मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा लागते. त्यामुळे काँक्रीट आतून फुटते. छज्जाखाली लोंबणाऱ्या लालसर सळया तुम्ही पाहिल्या असतील. त्यामागचे कारण बहुधा हेच असते.

हा वायू किती खोलवर गेला आहे, हे कसे कळते? तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतले फिनॉल्फ्थॅलीन येथे कामी येते. काँक्रीटचा ताजा फोडलेला भाग घेऊन त्यावर ते फवारतात. अल्कधर्मी भाग गुलाबी होतो. जेथे अल्कता संपली, तेथे रंग चढत नाही. बिनरंगी पट्टा सळईपर्यंत पोहोचलेला दिसला, तर दुरुस्ती लांबणीवर टाकता येत नाही.

पुस्तकांचे ओझे

आता आपणच एक काम हाती घेऊ. समजा, तुमच्या गावातला दोन मजली जुना वाडा गावाला मिळाला आणि त्यात वाचनालय करायचे ठरले. पुस्तकांची कपाटे कोठे ठेवाल? हवेशीर आणि कोरडा म्हणून बहुतेक जण वरचा मजला सांगतील. जरा थांबा आणि हिशेब करा.

राहत्या घराच्या जमिनीवर दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार येईल असे भारतीय मानकांत धरलेले आहे. वर्गासाठी हा आकडा ३०० किलो आहे. पुस्तकांच्या साठ्याच्या खोलीसाठी मात्र तो निदान ६०० किलो धरावा लागतो, म्हणजे घराच्या तिप्पट! याचे कारण सोपे आहे. एक मीटर लांबीच्या फळीवर ओळीने लावलेल्या पुस्तकांचे वजन ३० किलोपर्यंत सहज जाते. सहा फळ्यांचे कपाट म्हणजे १८० किलो. आणि कपाटाची खोली असते अवघी ३० सेंटिमीटर. म्हणजे ०.३ चौरस मीटर जागेवर १८० किलो भार. दर चौरस मीटरला तो ६०० किलो झाला. माणसे चालतात, बसतात, उठून जातात. पुस्तके रात्रंदिवस तेथेच असतात. घरासाठी घातलेला कडीपाट हे ओझे सोसेल याचा भरवसा धरता येत नाही.

तर मग कपाटे खाली, जोत्यावर ठेवू आणि वर वाचनकक्ष करू. पण खाली ओल आहे, आणि ओल ही पुस्तकांची वैरीण! आली का पंचाईत? म्हणून आधी ओलीचे मूळ शोधायचे. अनेकदा ते वाड्यात नसून बाहेरच असते. रस्त्यावर दर काही वर्षांनी नवा थर पडून रस्ता जोत्यापेक्षा उंच झालेला असतो आणि पावसाचे पाणी भिंतीकडे वाहते. कौलांची पन्हळ फुटलेली असते. या दोन गोष्टी सुधारल्या, सिमेंटचा गिलावा काढून चुन्याचा केला आणि कपाटे भिंतीपासून वीतभर दूर, पायांवर उभी केली, की प्रश्न पुष्कळसा सुटतो. पाहा, एका साध्या निर्णयासाठी भार, पाणी आणि हवा या तिघांचा विचार करावा लागला. अशा शेकडो निर्णयांतून जुनी इमारत नव्या कामाला उभी राहते.

सभागृहाच्या पोटात मजले

मुंबईच्या रीगल चौकाजवळ सर कावसजी जहांगीर सभागृह आहे. जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाने आखलेले हे सभागृह १९११ साली बांधले गेले. तेथे सभा आणि संगीताचे जलसे होत. पुढे त्याचा वापर कमी झाला. बाहेरचे रूप तसेच ठेवून त्या उंच दालनाच्या पोटात अनेक पातळ्यांवर चित्रदालने बांधण्यात आली आणि १९९६ साली तेथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झाले.

लंडनच्या बँकसाइड वीजघराचे उदाहरण याहून मोठे. तेलावर चालणारे हे वीजघर १९८१ साली बंद पडले. त्याची चिमणी ९९ मीटर उंच आणि यंत्रांचे दालन ३५ मीटर उंच व सुमारे दीडशे मीटर लांब. बाहेरून ते विटांचे दिसले, तरी भार पेलणारा सांगाडा आतला पोलादी आहे. म्हणून अवजड यंत्रे काढून आत नवे मजले घालणे शक्य झाले. २००० साली तेथे टेट मॉडर्न हे कलासंग्रहालय उघडले. २०१६ साली त्याला जोडून नवी इमारत झाली. शेजारच्या वीज उपकेंद्रातल्या ट्रान्सफॉर्मरांची वाया जाणारी उष्णता ती ऊबदार ठेवायला वापरतात.

व्हिएन्ना शहरात तर वायू साठवण्याच्या चार प्रचंड टाक्या होत्या. १८९९ साली पुऱ्या झालेल्या आणि १९८४ साली बंद पडलेल्या या टाक्यांच्या गोल विटांच्या भिंती राखून २००१ पर्यंत आत घरे, दुकाने आणि विद्यार्थ्यांचे वसतिगृह उभे राहिले. गोल टाकीत घर! ऐकायला गंमत वाटते, पण तेथे लोक सुखाने राहतात.

पाडावी की राखावी?

प्रत्येक जुनी इमारत वाचवावीच, असे मात्र नाही. मुंबईतल्या काळा घोडा भागात एस्प्लनेड मॅन्शन आहे. १८६० च्या दशकात वॉटसन हॉटेल म्हणून ती बांधली गेली. तिचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये तयार करून जहाजाने आणला होता. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातला पहिला खेळ याच इमारतीत झाला. पुढे हॉटेल बंद झाले, खोल्यांची कार्यालये आणि बिऱ्हाडे झाली, देखभाल मागे पडली. २००५ साली सज्जांचा काही भाग कोसळून एकाचा जीव गेला. २०१९ साली आयआयटी मुंबईच्या अहवालात ती पाडण्याची शिफारस होती. वारसा जपणाऱ्या अभियंत्यांनी मात्र ती दुरुस्त होऊ शकते असे मत दिले.

एकाच इमारतीबद्दल जाणकारांची दोन मते कशी? कारण प्रश्न केवळ लोखंडाच्या बळाचा नसतो. दुरुस्तीला किती खर्च येईल, किती वर्षे लागतील आणि तोवर खालून चालणाऱ्या माणसांची सुरक्षितता कशी सांभाळायची, हेही त्यात येते. माणसाच्या जिवापेक्षा कोणतीही भिंत मोलाची नाही. म्हणूनच वेळच्या वेळी केलेली छोटी दुरुस्ती फार महत्त्वाची. पन्हळ बदलायचे काम दहा वर्षे टाळले, तर पुढे तुळई बदलावी लागते.

दुसऱ्या बाजूने हेही पाहिले पाहिजे की पाडणे वाटते तितके स्वस्त नसते. प्रत्येक विटेत ती भाजण्यासाठी जाळलेले इंधन दडलेले असते. सिमेंटच्या भट्टीचे तापमान १,४५० अंशांपर्यंत न्यावे लागते, आणि एक टन सिमेंट तयार होताना अर्ध्या टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. चांगली इमारत पाडली, की हे सारे इंधन मातीमोल होते आणि नव्या इमारतीसाठी पुन्हा तितकेच जाळावे लागते. वातावरण तापत असताना हा हिशेब विसरून चालणार नाही.

करून पाहा

१. खाण्याचा चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा. वरची निवळी दुसऱ्या पेल्यात अलगद ओता. नळीने तिच्यात हळूहळू फुंका. निवळी दुधाळ होईल. तुमच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने तयार झालेली ही चुनखडी! चुन्याची भिंत अशीच घट्ट होते. निवळी तोंडात ओढू नका आणि डोळ्यांत उडू देऊ नका.

२. कोरडी वीट बशीतल्या रंगीत पाण्यात उभी करा. तासातासाने पाणी किती वर चढले ते खडूने खूण करून नोंदवा. ओल भिंतीत कशी चढते ते कळेल.

३. खडूचा तुकडा टेबलावर उभा धरून वरून दाबा. मग दुसरा दोन बोटांत धरून वाकवा. दाब सोसणारा खडू वाकवताच मोडतो. दगड, वीट आणि बीड यांचा स्वभावही असाच आहे. म्हणून त्यांचे खांब चांगले होतात, लांब तुळया नाहीत.

४. तुमच्या दप्तरातली पुस्तके फळीवर ओळीने लावा, त्यांची लांबी मोजा आणि वजन करा. एक मीटर फळीवर किती किलो भार येईल ते काढा.

हे सर्व झाले, की वही घेऊन गावातल्या एखाद्या जुन्या शाळेसमोर, चावडीसमोर किंवा गिरणीसमोर उभे राहा. आत शिरू नका, मोडकळीस आलेल्या भिंतीखाली थांबू नका. रस्त्यावरूनच पाहा. पन्हळ कोठे फुटली आहे? भिंतीवर पिंपळ उगवला आहे का? रस्ता जोत्यापेक्षा उंच आहे का? सिमेंटच्या गिलाव्याचे पोपडे कोठे सुटले आहेत? आणि शेवटी स्वतःला विचारा: ही इमारत दुरुस्त झाली, तर आपल्या गावाला तिचा काय उपयोग होईल? उत्तर सापडले, तर ते वहीत लिहा आणि शाळेत गुरुजींना व बाईंना दाखवा.